छपरावरचं जाळं

एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दर्या, अशा एका चिंचोळ्या पट्टीवर कोळ्यांचं एक गाव होतं. घरं पन्नासच. पण त्यातलं पक्कं घर कोणतं असं विचारलं, की शेंबडं पोरसुद्धा जोमा तांडेलाच्या घराकडे बोट दाखवायचं.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. जोमाने चाळीस वर्षं होडी हाकली, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या होडीवरचा एकही माणूस दर्याने नेला नाही. लोक म्हणायचे, नशीबवान आहे. जोमाला ते आवडायचं नाही. "नशीब कसलं डोंबलाचं!" तो म्हणायचा, "दर्या काय कुणाचा मामा लागतो? तयारी पाहिजे, तयारी."

आणि तयारी कशी, ते ऐका. वैशाखात सगळं गाव लग्नाच्या वरातींत नाचायचं, तेव्हा हा गडी छपरावर चढलेला असायचा. एकेक कौल परतून घ्यायचा, फुटकं बदलायचा. दर्याच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचा. मग आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तांदूळ कणगीत, सुकट-बोंबील डब्यात, लाकूडफाटा माळ्यावर, काड्यापेट्या बरणीत, आणि घराचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. विजेचा काय भरवसा? म्हणून कंदिलाच्या काचा राखेने घासून लख्ख, बॅटरीत नवे सेल, पॉवर बँक भरलेली.

एवढ्यावर थांबला तर तो जोमा कसला! वर्षातून एकदा, ऐन दिवेलागणीला, तो मेन स्विच खाली ओढायचा. "आजची रात्र विजेविना. काढा कंदील," म्हणायचा. घरातल्यांनी अंधारात चाचपडत चूल पेटवायची, पाणी शेंदायचं, जेवायचं. काय सापडलं नाही, काय संपलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायचं. शेजारपाजारचे हसायचे. "नाखवा, वीज आहे तरी अंधारात जेवता? दृष्ट लागेल अशी हौस!" जोमा हसण्यावारी न्यायचा आणि घास शोधत राहायचा.

सगळ्यात शेवटी जाळं. होडीवरचं जुनं, जाड दोराचं जाळं तो अख्ख्या छपरावर पसरायचा आणि चारी बाजूंनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना ताणून बांधायचा. कितीही वारा आला तरी कौल जागचं हलायचं नाही. त्या जाळ्याकडे पाहिलं की जोमाला झोप छान लागायची.

तर एका वर्षी काय झालं, की जोमाची लेक सुंदरा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. ती दहा दिवसांची होती आणि बारसं दोन दिवसांवर आलं होतं, तेव्हा रिक्षाला भोंगा बांधून एक माणूस ओरडत गावातून गेला. मोठं वादळ येतंय, परवा सकाळी धडकणार, होड्या वर ओढा, घरं बांधून घ्या.

गावाची पळापळ झाली. जोमा मात्र शांत होता, कारण त्याचं सगळं झालेलं होतं. फक्त या वर्षी घरात तान्हं पोर. म्हणून त्याने ठरवलं, की छपरावर एकावर एक दोन जाळी टाकायची. दुसरं जाळं तो पडवीत उलगडत बसला होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "जोमा, आहेस का रे?"

ही धाकलीमाय. जोमाच्या घरामागे, डोंगराच्या बाजूला, तिचं एका खोलीचं घर होतं. नवरा दुसऱ्या एका होडीवरून दर्याने नेलेला, पोरबाळ नाही. वर चार निळे पत्रे, आणि त्यांवर ठेवलेले धोंडे. गावात कुणाकडेही मूल जन्मलं, की त्याला तेल लावून न्हाऊ घालायला धाकलीमायच लागायची. सुंदराच्या लेकीलाही ती रोज सकाळी न्हाऊ घालत होती.

"बोल माय," जोमा म्हणाला.

"पत्रे हलतात रे माझे. धोंड्यांनी काय होतंय एवढ्या वाऱ्यात? ते एक जाळं मला दे, आणि जरा बांधून दे. वादळ गेलं की परत घेऊन जा."

जोमाने हातातल्या जाळ्याकडे पाहिलं. मग आत पाळण्याकडे पाहिलं.

"माय, या वर्षी मला दोन्ही लागणार. घरात पोर आहे, बघतेस ना? आणि तुला काय आत्ता जाग आली? वैशाखभर काय करत होतीस? तहान लागल्यावर विहीर खणायला निघालीस होय!"

"खणायला माझ्याकडे हातच दोन, बाबा," म्हातारी म्हणाली, "आणि ते दोन्ही लोकांच्या पोरांना न्हाऊ घालण्यात गेले." एवढं बोलून ती घराकडे वळली.

आतून सुंदरा म्हणाली, "बाबा, एका जाळ्याने आपलं भागतं की. द्या ना तिला."

"तू गप. आधी आपलं घर," जोमा म्हणाला, आणि दुसरं जाळं पहिल्यावर टाकून त्याने सगळ्या गाठी स्वतःच्या हाताने आवळल्या.

जोमा काही वाईट माणूस नव्हता हं. पण भ्यालेल्या माणसाची मूठ सुटत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीच धाकलीमाय नेहमीसारखी आली, पोरीला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन गेली. एखाद्याला तेवढ्यावर लाज वाटली असती. जोमा तेव्हा खुंट्या हलवून पाहण्यात गुंतला होता.

तिसऱ्या दिवशी, बारशाच्या दिवशीच, वादळ आलं.

पहाटे एकही कावळा ओरडला नाही. उजाडलं ते पिवळंजर्द. एरवी वारा यायचा दर्यावरून. त्या दिवशी तो डोंगरावरून खाली उतरला. आधी विजेच्या तारा गुणगुणल्या, मग किंचाळल्या, मग एक निळा लोळ उठला आणि गावची वीज गेली. पाऊस वरून पडेना, आडवा धावायला लागला. उंच उंच माड वाकून जमिनीला शेंडा लावत होते, उठत होते, परत वाकत होते. काही उठलेच नाहीत, मोडले ते मोडलेच. आणि आवाज! चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या जोमाने असा आवाज ऐकला नव्हता. सगळा डोंगरच घोगऱ्या आवाजात ओरडत होता.

पण घर? घर जागचं हललं नाही. अंधार झाला तशी जोमाच्या बायकोने, गोमीने, न चाचपडता कंदील काढून लावला. बरणीतली काडी पहिल्याच झटक्यात पेटली. चुलीवर पेज शिजली. जोमा आढ्याकडे बघत म्हणाला, "बघितलंस? हसत होते लेकाचे!"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या अंगाला धाड् झालं.

धाकलीमायचा पत्रा होता तो. वाऱ्याने चारही पत्रे धोंड्यांसकट उचलले. तीन डोक्यावरून निघून गेले, चौथा कोयत्यासारखा जोमाच्या छपरात घुसला. त्या जागी जाळी फाटली, दोन्ही. दहा-बारा कौलं फुटली, आणि त्या भोकातून वारा घरात शिरला. वारा एकदा आतून ढकलायला लागला, की छपराचं काही खरं नाही. बघता बघता बाळंतिणीच्या खोलीवरचं निम्मं छप्पर आकाशात गेलं. कंदील विझला. पाळण्यावर पाणी कोसळायला लागलं.

"पोर! पोरीला उचला!" गोमी ओरडली.

जोमाने नातीला छातीशी धरलं, सुंदराला ओढलं आणि सगळे माजघरात धावले. माजघरावर फणसाच्या फळ्यांचा भक्कम माळा होता, तेवढी एकच जागा कोरडी. तेवढ्यात मागच्या दारावर थापा पडल्या. दार किलकिलं केलं तर धाकलीमाय, रांगत आलेली, भिजलेली, कपाळावर खोक पडलेली. तिने जोमाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोर कोरडी आहे का?" तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता शेगडी पुढे ओढली, निखारे फुंकले, आणि ओली दुपटी काढून पोरीला उबेला घेऊन बसली.

जोमा भिंतीला टेकून उभा राहिला.

आणि मग दुपारच्या सुमाराला, एकाएकी, सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे काय, पान हलेना. पाऊस गेला. छपराच्या भोकातून लख्ख ऊन माजघराच्या उंबऱ्यावर पडलं. जोमा दार उघडून अंगणात आला, आणि जागीच उभा राहिला.

डोक्यावर निळंभोर, गोल आकाश होतं. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसं. आणि त्या गोलाच्या चहूबाजूंनी ढगांच्या भिंती, पांढऱ्या, उंचच उंच, नजर पोचणार नाही एवढ्या, सावकाश फिरत होत्या. कुठून कुठून वाहून आलेले दर्यावरचे पक्षी अंगणात बसले होते, इतके थकलेले, की माणूस पायाशी आला तरी उडत नव्हते. जोमाने आपोआप हात जोडले. एवढं मोठं, एवढं सुंदर आणि एवढं भयंकर त्याने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. आपण केवढे, आपल्या खुंट्या केवढ्या, असं त्याला वाटून गेलं.

गाव मात्र बाहेर धावलं होतं. "गेलं रे गेलं, वादळ गेलं!" माणसं हसत होती, रडत होती. आणि आपली माणसं ती! पडलेले नारळ आणि आंबे गोळा करायला टोपल्या घेऊन निघालीसुद्धा.

जोमाला त्याच्या बापाचे शब्द आठवले. बाप सांगायचा, मोठ्या वादळाला डोळा असतो. तो डोळा डोक्यावर आला की सगळं गप्प होतं. फसू नकोस. अर्ध्या-पाऊण तासात वारा परत येतो, आणि येतो तो उलट्या बाजूने.

उलट्या बाजूने, म्हणजे दर्यावरून. जोमाने दर्याकडे मान वळवली. सकाळचा वारा डोंगरावरून आला होता, म्हणून गावातले उडालेले सगळे पत्रे दर्याच्या बाजूला, पुळणीच्या वाळूत जाऊन पडले होते. वीस, तीस, मोजवेनात. उन्हात चमकत, धार वर करून, मोकळे पडले होते. दर्यावरून वारा सुटला की ते सगळेच्या सगळे गावावर येणार होते. आणि पुळणीला लागून पहिलं घर जोमाचंच. आतापर्यंत एक पत्रा आला होता. आता तीस येणार होते.

त्याने छपराकडे पाहिलं. उरलेल्या निम्म्या छपरावर जाळी अजून घट्ट होती. त्याने कोयता घेतला, खुंट्यांपाशी गेला आणि सपासप दोर कापायला लागला.

गोमी धावत आली. "अहो, डोकं फिरलं का? उरलेली कौलं त्याच्यामुळेच तर टिकलीत! तेही उघडं करता?"

"कौलं गेली तर पाणी येईल," जोमा म्हणाला, "माळा ते अडवील. वारा दर्यावरून फिरला आणि पुळणीवरचा एक पत्रा माजघराच्या दारातून आत आला, तर तो कुणाला अडणार?"

गोमीने माजघराकडे पाहिलं. मग तिने दोराचं दुसरं टोक धरलं.

जोमा पुळणीवर धावला आणि होडीवरून ओरडायचा तसा ओरडला, "टोपल्या टाका! वादळ गेलं नाही, अर्धंच झालंय! दर्यावरून येतंय आता! एकूण एक पत्रा इकडे ओढा!"

दुसरा कुणी असता तर लोक हसले असते. पण ज्याने एक माणूस बुडू दिला नाही, त्या तांडेलाचा तो आवाज होता. आंबे तिथेच टाकून बायका-पुरुष धावले. पत्रे ओढून आणले, एकावर एक रचले. हात कापले, रक्त आलं, कुणी बघितलं नाही. रचलेल्या ढिगावर जोमाने एक जाळं टाकलं, त्यावर दुसरं. कडा वाळूत गाडल्या, त्यावर होड्यांचे नांगर ठेवले, आणि माडांच्या जाड बुंध्यांना दोर ताणून बांधले. माणसं जाळं ओढताना म्हणतात तसं सगळे "हय्या हो" म्हणत होते. तीस-बत्तीस पत्रे जाळ्यात धरले. जोमाने आयुष्यात एवढी मोठी ओढ ओढली नव्हती.

शेवटची गाठ आवळतानाच पक्षी एकदम उठले. दर्यावर ढगांची ती पांढरी भिंत काळी होऊन चालत येत होती.

"आत! सगळे माझ्याकडे, माजघरात!" जोमा ओरडला.

ज्यांची घरं उघडी पडली होती ते सगळे आले. तेवीस माणसं आणि दोन शेळ्या त्या एका माजघरात दाटीवाटीने बसल्या. आणि दर्या गावावर तुटून पडला.

सकाळचं वादळ लुटुपुटूचं वाटावं, असं ते दुसरं वादळ होतं. उरलेली कौलं पहिल्या दहा मिनिटांतच गेली. खडखड, खडखड करत एकेक उडताना सगळ्यांनी ऐकलं. लाटांचा फेस उंबऱ्याला लागला. माळ्याच्या फटींतून धारा गळायला लागल्या. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी नुसतं डोळे मिटून होतं. जोमा पुळणीकडच्या दाराला पाठ लावून बसला. त्याला एकच आवाज ऐकायचा नव्हता. पत्रा भिंतीवर आपटल्याचा. तास गेला, दोन तास गेले. भिंती थरथरल्या, पाया हादरला. तो आवाज आला नाही.

धाकलीमायच्या मांडीवर पोर सगळा वेळ मुठी मिटून झोपली होती.

संध्याकाळी वारा पडला. बाहेर आले तर गाव ओळखू येत नव्हतं. पण माणसं मोजली, ती सगळी भरली. पुळणीवर जाळ्याखाली पत्र्यांचा ढीग तसाच होता, एकसुद्धा निसटला नव्हता. त्या ढिगाभोवती सगळे गोळा झाले.

वीज पुढे बारा दिवस आली नाही. चार माणसांच्या चार महिन्यांची जोमाची आगोट तेवीस माणसांनी बारा दिवस खाल्ली आणि ती पुरली. अंधारात चूल कशी पेटवायची, बरणी कुठे ठेवायची, हे गोमीने सगळ्या बायकांना शिकवलं. पूर्वी हसणारेच आता घास शोधत हसत होते.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे लोक मदतीला आले. त्यातल्या एकाने जोमाच्या मोडक्या वाशांत अडकलेला निळा पत्रा ओढून काढला आणि अंगणात आपटला. त्याच अंगणात, पाटावर बसून, धाकलीमाय पोरीला न्हाऊ घालत होती.

"कुणाचा हो हा पत्रा, नाखवा?" तो माणूस रागाने म्हणाला, "एवढं सोन्यासारखं घर फोडलं! बांधून ठेवता येत नव्हता का त्याला?"

धाकलीमायचा हात थांबला. तिने मान खाली घातली.

जोमा पुढे झाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"माझा," तो म्हणाला. "बांधायचं माझ्याकडून राहिलं."

तात्पर्य: वाऱ्याला कुंपण दिसत नाही, म्हणून वादळाआधी आपलं छप्पर बांधायला निघाल तेव्हा शेजारचंही बांधा, कारण सैल राहिलेलं एक घर सगळ्यांनाच उघडं पाडतं.